बर्फातला बोगदा

पाणी आणायला म्हणून ते तिघं निघाले, पण त्यांच्या खांद्यावर घागरी नव्हत्या. कुदळी होत्या, पुरुषभर उंचीची गिरमिटं होती, दोर होते. मे महिना सरला होता, कॅनडातल्या युकॉनच्या डोंगरांवरचा बर्फ वितळत होता, आजूबाजूचा प्रत्येक ओढा फुगून दणदणत होता आणि ट्रेंबाथ कुटुंबाचा तेवढा पास्टी ओढा कोरडा ठणठणीत पडला होता. वर जाऊन पाणी कुठं अडलंय ते शोधायचं आणि ते खाली आणायचं, एवढंच काम होतं. न आणलं तर काय, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

ओढ्याचं नाव घरातल्या म्हाताऱ्यानं, हॅनिबलनं, ठेवलेलं. पहिल्यांदा इथं पोचला तेव्हा काठावर बसून त्यानं झोळीतली शेवटची पास्टी खाल्ली होती. त्यानंतर त्या मुलखात कुणाच्या नशिबी पास्टी आली नाही; बटाट्याच्या फोडी आणि चरबीदार मांस भरलेली, कडेला दोरीसारखी मुरड घातलेली ती इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची करंजी फक्त गप्पांत उरली.

ओढ्याकाठी घराएवढा मातीचा ढीग उभा होता. अख्खा हिवाळा त्या ढिगात गेला होता. संध्याकाळी विहिरीएवढ्या खड्ड्याच्या तळाशी लाकडं पेटवायची, गोठलेली रेती सकाळपर्यंत मऊ करायची, मग रहाटानं बादली बादली वर ओढून टाकायची, आणि ती वर येता येता पुन्हा दगड व्हायची. वसंतात ओढा वाहायला लागला की तीच माती लाकडी पन्हळीतून धुवायची. माती वाहून जाते, सोनं तळाशी राहतं. पाणी नसेल तर सगळंच राहतं.

त्या ढिगात सोनं होतं आणि ते किती, हे लव्हडेला ठाऊक होतं. हॅनिबलच्या मुलाची, डिगोरीची, ही बायको दर रविवारी त्यातली घमेलंभर माती चुलीपाशी वितळवून धुवून बघायची आणि मनातल्या मनात मांडून ठेवायची. दक्षिणेला समुद्रकाठी, जिथं कुदळ मारली की जमीन आत घेते, तिथं सफरचंदाची दहा-वीस झाडं आणि एक छप्पर, एवढं त्यातून निघत होतं. नाताळच्या जेवणावर तिनं सासऱ्यासमोर नवऱ्याकडून शब्द घेतला होता: हा ढीग धुतला की निघायचं. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीची, केरेन्झाची, डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं गेली होती. म्हाताऱ्याचे दात हिरड्यांतून सुटत चालले होते. अजून एक हिवाळा इथं काढला तर घरातलं एक माणूस जाणार, हे लव्हडेनं धरूनच ठेवलं होतं. कोण, तेवढंच ठरायचं होतं.

निघताना हॅनिबल गुडघ्यांमुळे मागं राहिला. पन्हळ दुरुस्त करतो म्हणाला, आणि पाणी आलं की तुमची वाट बघत बसणार नाही, एकटाच सुरू करीन, असा दमही दिला.

"कॅप्टनला विचारून सुरू करा," लव्हडे म्हणाली.

"कॅप्टन वर, पाणी खाली. मी पाण्याचं ऐकणार."

कॅप्टन म्हणजे डिगोरी. कॉर्नवॉलच्या खाणीत प्रमुखाला कॅप्टन म्हणतात, आणि कामाची पाळी सुरू झाली की ती संपेपर्यंत त्याचा शब्द शेवटचा. डोळे मंदावले तेव्हा हॅनिबलनं स्वतःची टोपी मुलाच्या डोक्यावर ठेवली आणि तेव्हापासून कुदळ हातात असेस्तोवर तो मुलाला उलट उत्तर देत नसे. कुदळ ठेवली की मग जेवणाच्या टेबलावर सगळं भरून काढी. चौघांच्या खाणीत एक कॅप्टन ठेवणं लव्हडेला जरा चैनीचंच वाटायचं. पण ती या घरात सून म्हणून आली होती, आणि रीत तिच्या आधी आली होती.

कोरड्या ओढ्याच्या पात्रातूनच ते वर चढले, कारण दुसरीकडून वाटच नव्हती. दोन्ही अंगांना शेवाळानं माजलेली दलदल. पाय टाकला की गुडघाभर आत आणि काढताना बूट मागं. डास असे की बोलायला तोंड उघडलं की चारदोन आत जात. सूर्य डोंगरामागं जाऊन जरासा टेकायचा आणि पुन्हा वर यायचा. दिवस संपतच नव्हता, त्यामुळं थांबायचं कधी ते पायच सांगत. पुढं पात्र एका घळीत शिरलं. दोन्ही बाजूंना काळे कडे, इतके जवळ की केरेन्झानं हात पसरले तर दोन्हीकडं बोटं टेकावीत. घळीच्या तोंडाशी स्प्रूसच्या झाडाच्या उंच फांदीवर त्यांनी निम्मं खाणं दोरानं टांगून ठेवलं, परतीच्या वाटेसाठी. ओझं कमी झालं. केरेन्झानं विचारलं, की अस्वलाला गाठ सोडता येत नाही ना? बाप म्हणाला, तुझ्या आईनं मारलेली गाठ आहे, मलाच सुटत नाही.

घळ संपली आणि कोडं उलगडलं.

वरती डोंगरांच्या खोबणीत निळंशार तळं होतं. एरवी त्याचं पाणी दगडी उंबऱ्यावरून सांडून पास्टी ओढ्यात पडायचं. पण बाजूच्या खोऱ्यातली हिमनदी या हिवाळ्यात पुढं सरकली होती आणि कुणी दारात पाय घालून उभं राहावं तशी तळ्याच्या तोंडाशी आडवी उभी होती. बर्फाची भिंत, दोन-तीन माड एकावर एक ठेवावेत एवढी उंच. तिच्यामागं पाणी काठोकाठ भरलेलं. जराही हालचाल नाही. दोन पांढरे पक्षी त्यावर बसले होते, आरशावर ठेवल्यासारखे.

डिगोरीनं हातोडीनं बर्फ ठोकून बघितला. खणखणीत आवाज आला. कितीतरी महिन्यांनी तो हसला.

"हा तर आपल्या गावचा ग्रॅनाइट. नुसता थंड आहे, एवढंच."

त्यानं बेत सांगितला. त्याच्या आजानं, पणजानं हेच केलं होतं: खाणीत पाणी साठलं की डोंगराच्या कुशीतून निचऱ्याचा बोगदा मारायचा. भिंत जिथं सगळ्यांत पातळ आहे तिथं, पाण्याच्या पातळीखाली, माणूस वाकून जाईल एवढा बोगदा काढायचा. शेवटची हातभर जाडीची भिंत तशीच ठेवायची. तिला गिरमिटानं मनगटाएवढी पाच भोकं पाडायची, पाचांना लाकडी बुचं मारायची, बुचांना दोर बांधायचे आणि बाहेर उभं राहून ओढायचे. पाणी हवं तेवढं सोडायचं, नको तेव्हा बूच ठोकायचं. पन्हळीला लागतं तेवढंच, ना थेंब जास्त.

लव्हडे म्हणाली, की हा दगड नाही. किटलीच्या तोटीतून पडणारी धार बर्फात कसं भोक पाडते, ते ती रोज बघते. डिगोरी म्हणाला, की ती धार उकळती असते आणि हे पाणी बर्फाइतकंच गार. इतकी वर्षं न वितळलेला डोंगर पाच धारांनी वितळेल होय? तिनं अजून एकदा सांगितलं. मग तो कॅप्टनच्या आवाजात म्हणाला, की ठरलं.

ती गप्प बसली. रीत होती म्हणून, हे तिचं नंतरचं म्हणणं. खरं तर पाणी तिलाही हवं होतं. एकदा नको म्हणून ठेवलं की माणूस मोकळ्या मनानं हो म्हणू शकतो. तसंच काहीसं झालं.

काम मात्र देखणं झालं! तिघं आळीपाळीनं आत शिरायची. निळ्या उजेडात कुदळ पडायची, तुकडे काचेसारखे उडायचे, घाम पाठीवर गोठायचा. डिगोरी दर वेळी पुढं लांब गिरमिट घालून चाचपून बघायचा, पाणी अचानक अंगावर येऊ नये म्हणून. त्याच्या हाताला जी सफाई होती तिला तोड नव्हती; बोगद्याचं छत असं गुळगुळीत कमानीचं की वाटावं, देवळाचं काम घेतलंय. शेवटी एकेक भोक आरपार गेलं, भस्सकन धार आली, एकेक बूच दणादण बसलं. पाच दोर घेऊन ते बाहेर आले.

"ओढ," तो लव्हडेला म्हणाला. मान तिला दिला.

तिनं ओढलं. बूच सुटलं. मग दुसरं, तिसरं. बोगद्यातून घोड्याच्या मानेएवढा पाण्याचा लोट बाहेर पडला, खडकांवर आपटला, उंबरा ओलांडून घळीत उतरला. केरेन्झा त्या पाण्याबरोबर काठाकाठानं पळत सुटली, लंगडत, हसत. डिगोरी टोपी काढून उभा राहिला. लव्हडेनं डोळे मिटून घेतले आणि सफरचंदाची झाडं मोजली.

त्यांनी चहा केला, वाळवलेलं हरणाचं मांस खाल्लं, ओल्या कपड्यांनी जरा पडून घेतलं. उठल्यावर डिगोरी म्हणाला, की आज बाबा एकटे आहेत, दोनच धारा पुरेत. एक बंद करून ये. बूच नि हातोडी घेऊन लव्हडे आत शिरली. पाणी घोट्यापर्यंत असायला हवं होतं, ते पोटरीला लागलं. तिनं पहिल्या भोकाला बूच लावलं.

बूच आत गेलं आणि गायबच झालं. बापाच्या बुटात पोराचा पाय जावा तसं.

तिनं हात घातला. कोपरापर्यंत गेला. दुसऱ्या भोकात खांद्यापर्यंत. उरलेली दोन बुचं तिच्या डोळ्यांदेखत आपोआप सुटली आणि बंदुकीच्या गोळीसारखी तिच्या कानाजवळून गेली. पाच भोकांमधला बर्फ कागदासारखा पातळ होत होता. ती बाहेर आली तेव्हा पाणी मांडीला लागलं होतं.

तिला काही सांगावं लागलं नाही. डिगोरीनं तिच्या ओल्या खांद्याकडं बघितलं आणि सगळं समजला.

मग जे काही केलं ते वेड्यासारखं! घोंगड्या कोंबल्या, पाण्यानं थुंकून टाकल्या. बर्फाच्या लाद्या लोटल्या, लाद्या फुटल्या. तंबूचं कापड दगड बांधून सोडलं. ते बोगद्यात शिरलं आणि चिंधी होऊन बाहेर आलं. आतून आता आवाज येत होता, जाडजूड, पोटातून निघाल्यासारखा. देखण्या कमानीचा एक तुकडा कोसळला. मागोमाग दुसरा. दगडात पाडलेलं भोक पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच राहतं, यावर डिगोरीच्या सात पिढ्यांचा भरवसा होता. हे भोक पाणी खात होतं आणि पाणी भोक खात होतं.

"बाबा पन्हळीवर असतील," केरेन्झा म्हणाली. आजोबांना ती बापासारखंच बाबा म्हणायची.

ते पळाले.

पात्रातून वाट नव्हतीच आता. तिथं तपकिरी पाणी उसळत होतं. वरच्या उतारावरून, सुटे दगड तुडवत, कुजलेल्या बर्फात कमरेपर्यंत रुतत, एकमेकांना उपसत ते खाली येत होते. चढायला लागला होता त्याच्या निम्म्या वेळात उतरलो तरी पाण्याच्या पुढं जाणार नाही, हे लव्हडेला दिसत होतं. तिनं हिशेब दोनदा तपासला. दोन्ही वेळा म्हातारा मेला. डिगोरी पडला तर उठत होता, रक्त आलं तर पुसत नव्हता. एकदाच, उतारावर श्वास घ्यायला थांबले तेव्हा, तो म्हणाला, की बाबा पाणी बघून खूश झाले असतील. लव्हडेला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

घळीच्या तोंडाशी अस्वल होतं. तपकिरी, भलंमोठं, बसकण मारून बसलेलं. स्प्रूसची फांदी मोडून पडली होती, गाठ अजून तशीच घट्ट होती आणि पिठाच्या पिशवीत अस्वलाचं तोंड होतं. केरेन्झानं तवा बडवला. अस्वलानं पांढरं नाक वर करून बघितलं, बाजारात ओळखीचं कुणी दिसावं तसं, आणि पुन्हा खायला लागलं.

आणि मग एकाएकी ते उठलं. कान वळवले. खाणं तिथंच टाकून, यांच्याकडं न बघता, उतारावरून थेट वर धावत सुटलं!

"वर!" डिगोरी ओरडला. "त्याच्या मागं!"

ते अस्वलाच्या मागं धावले. हातांनी, गुडघ्यांनी. झुडपं धरून. केरेन्झाचा पाय सटकला, लव्हडेनं तिची वेणी पकडली. खाली घळीतून आधी वारा आला. मग झाडं आली, उभीच्या उभी, मुळांसकट. मग पाणी. ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. भिंत चालत आल्यासारखं दिसत होतं. घराएवढ्या बर्फाच्या लाद्या कड्यांवर आपटत होत्या. डोंगर हलत होता. बोलणं ऐकू येत नव्हतं, रडणंही नाही. अस्वल त्यांच्यापासून दगड मारण्याच्या अंतरावर बसून तेच बघत होतं.

किती वेळ चाललं, कुणास ठाऊक. मग आवाज उतरत गेला, उतरत गेला आणि थांबला.

पुढची वाट त्यांनी घाईनं कापली नाही. घाई कशाची?

त्यांचं खोरं त्यांना ओळखू आलं नाही. झोपडी नव्हती. पन्हळ नव्हती, रहाट नव्हता, खड्डा नव्हता. ढीग नव्हता. जिथं घराएवढा हिवाळा उभा होता तिथं काहीच नव्हतं. ओढ्याचं पात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत धुवून निघालं होतं आणि तळाचा काळा कातळ उघडा पडला होता, घासलेल्या ताटासारखा. डिगोरी काठावरच खाली बसला. टोपी काढून बाजूला ठेवली. केरेन्झानं एकदा हाक मारली, मग मारली नाही.

तेव्हा लव्हडेला टकटक ऐकू आली.

खाली कातळावर, पार मध्यावर, कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. पाठमोरं. हातात जेवणाचा काटा. हॅनिबल! पन्हळीच्या खांबासाठी झाड तोडायला तो टेकडीवर गेला होता. पाणी आलं ते त्यानं वरून बघितलं, आणि ओसरलं तसा खाली उतरला तो आत्तापर्यंत वर बघायलाच विसरला होता. कुऱ्हाड, हातोडी, काटा आणि अंगावरचे कपडे एवढं त्याच्यापाशी वाचलं होतं.

केरेन्झा धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. त्यानं तिला बाजूला सारलं, प्रेमानंच, पण सारलं.

"उजेडात नको येऊस, पोरी. बघ इथं."

कातळाच्या भेगांत सोनं होतं. कण नव्हे, डाळीएवढं, वाटाण्याएवढं, एका भेगेत तर बोटाएवढं लांबट. हजारो वर्षं रेतीखाली निजलेलं, सहा वर्षं ज्याच्या डोक्यावर ते आगी पेटवत होते, ते. काट्यानं उकरलं की निघत होतं. म्हाताऱ्याचा तंबाखूचा डबा निम्मा भरला होता. लव्हडे खाली बसली. तिनंही एक तुकडा उचलला, आणि हाताला वजन लागताच दुसऱ्याकडं हात घातला. बघता बघता चार भेगा तिनं साफ केल्या आणि सगळं डब्यात टाकलं. घरातलं सगळं एका जागी जमा असावं, ही शिस्त तिचीच. सफरचंदाची झाडं वीस झाली, चाळीस झाली. केरेन्झा हेअरपिननं उकरत होती. 

डिगोरी मात्र खाली आला नव्हता. लव्हडेनं वर बघितलं. तो काठावर उभा होता आणि सोन्याकडं बघतच नव्हता. वर, ओढ्याच्या वरच्या अंगाकडं, बघत होता. त्याचा चेहरा बघून तिनं कान दिला.

काहीच ऐकू येत नव्हतं. झुळझुळसुद्धा नाही. कातळावर डबकी होती, पण त्यांना जोडणारी धार नव्हती. एवढं मोठं तळं एवढ्यात संपलं? अर्धं तरी?

ती चढून त्याच्यापाशी गेली.

"छत पडलंय," तो पुटपुटला. "बोगद्याचं. भोक बुजलं. पाणी मागं तसंच आहे, आणि आता ती भिंत पोकळ आहे."

"मग सांग त्यांना."

त्यानं मान हलवली. "मी काय सांगू? माझ्या शब्दानं काय झालं ते बघतेयस ना?"

"बघतेय." तिनं खाली पडलेली टोपी उचलली. "मी सांगितलं तर ते सुनेचं बोलणं. मी हाका मारीन, ते हो हो म्हणतील आणि एक भेग झाली की दुसरी उकरतील. मीसुद्धा उकरीन, डिगोरी. मला अजूनही परत खाली जावंसं वाटतंय. तू म्हण पाळी संपली."

"ते ऐकणार नाहीत."

"नाही ऐकलं तर आपण सगळे खालीच राहू. पण म्हण."

तिनं टोपी त्याच्या हातात दिली. त्यानं ती घातली नाही, नुसती धरली. मग काठावरून खाली वाकला. 

"पाळी संपली, बाबा."

टकटक थांबली. म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याच्या तोंडावर जे होतं ते लव्हडेला बघवलं नाही. आयुष्यभर शोधलेलं गुडघ्यांखाली होतं आणि ज्यानं सगळं घालवलं तो पोरगा हुकूम देत होता. त्यानं एकदा भेगेकडं बघितलं. एकदा मुलाकडं. मग काटा विजारीला पुसला, हातोडी कमरेला खोचली, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि केरेन्झाचा हात धरून कण्हत उठला. पाळी संपली की हत्यारं मोजून बाहेर काढायची, खाणीत काही ठेवायचं नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं.

ते काठाच्या वर, टेकडीच्या पहिल्या टप्प्यावर पोचले. हॅनिबलनं हत्यारं जमिनीवर मांडली. कुऱ्हाड. हातोडी. काटा.

"डबा," तो म्हणाला.

डबा खाली कातळावर होता. वरून स्पष्ट दिसत होता, पितळी झाकण चमकत होतं. पन्नास पावलं असतील. म्हातारा वळला. डिगोरीनं त्याला मागून मिठी मारली, दोन्ही हात जखडले आणि सोडलं नाही. म्हाताऱ्यानं लाथा मारल्या, शिव्या दिल्या, कॉर्नवॉलच्या अशा शिव्या ज्या लव्हडेनं लग्नानंतर ऐकल्या नव्हत्या. तिनं स्वतः दोन पावलं खाली टाकली होती. केरेन्झानं तिचा स्कर्ट धरला, तेव्हा तिला ते कळलं.

आधी वारा आला.

मग ते आलं! या वेळी पाणी कमी आणि दगड जास्त. अख्ख्या हिमनदीचं तोंड तुटून, घळीचे कडे खरवडून, डोंगराचा उतार ओरबाडून ते आलं. खोरं भरलं. जमीन पायाखाली घोड्यासारखी थरथरली. ते अजून वर पळाले, पुन्हा अजून वर. चौघं एका स्प्रूसला धरून उभी राहिली आणि झाड त्यांच्यासकट हलत राहिलं.

ओसरलं तेव्हा कातळ नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत दगडगोटे, चिखल आणि मोडकी झाडं होती, झाडाच्या उंचीएवढी जाड. त्याखाली कातळ, कातळात भेगा, भेगांत ते. एवढं उपसायला चार माणसं नाहीत, चार पिढ्या लागल्या असत्या.

हॅनिबलनं मुलाच्या हातांतून स्वतःला सोडवून घेतलं.   लव्हडेनं पाठीवरची पिशवी उघडून आतलं सगळं दगडावर मांडलं: दोन मुठी पीठ, चहा, मीठ, आणि हरणाच्या मांसाचा बोटाएवढा तुकडा. माणसं भेटतील अशी मोठी नदी कितीतरी दूर होती. सोडून जायला मागं काही उरलंच नव्हतं, त्यामुळं निघायला वेळ लागला नाही.

वाटेत पीठ संपलं. मग स्प्रूसची आतली साल उकळून खाल्ली, बिळातल्या दोन खारी डिगोरीनं धुरानं बाहेर काढल्या. केरेन्झाचा बूट फाटला, तिनं पायाला पिशवी बांधली. म्हातारा पडायचा तेव्हा मुलगा उचलायचा, आणि म्हातारा उचलू द्यायचा; एवढाच त्यांच्यात संवाद होता. एका चढावर तो बसला तो उठेचना. मला इथंच ठेवा म्हणाला, एक तोंड कमी होईल. लव्हडेनं त्याला सांगितलं, की तोंड कमी करायचं असतं तर तिनं आधी त्याचं बोलणं कमी केलं असतं. तो हसला नाही, पण उठला.

मोठ्या नदीच्या काठावर एक होडी ओढून ठेवलेली होती. शेजारी चुलाणावर एक दाढीवाला माणूस डुकराचं खारवलेलं मांस परतत होता. नव्या हंगामाचं सामान भरून, वरच्या खोऱ्यात नशीब काढायला निघालेला. त्यानं यांच्याकडं बघितलं, बसा म्हणाला, आणि मग प्रत्येक जण विचारतो तेच विचारलं.

"वर काही लागलं का?"

डिगोरीनं मान खाली घातली.  असल्या प्रश्नाला त्या मुलखात कुणी कधी खरं उत्तर दिलेलं नव्हतं. लव्हडेकडं खोटं बोलायला त्राण नव्हतं.

"लागलं," ती म्हणाली. "कातळाच्या भेगांत, वाटाण्याएवढं. जेवणाच्या काट्यानं निघत होतं. डबा भरला होता आमचा."

"मग?"

"ठेवून आलो."

त्या माणसानं तिच्याकडं बघितलं. मग मुलीच्या पायाच्या पिशवीकडं, आणि मग त्या म्हाताऱ्याकडं, जो कुऱ्हाड, हातोडी आणि काटा पुढ्यात नीट ओळीत मांडून बसला होता. कोणता ओढा, कुठल्या बाजूला, काहीच त्यानं विचारलं नाही. मांसाचा मोठा थोरला तुकडा कापला, काय वाटलं कुणास ठाऊक, सुरी अजून थोडी मागं घेऊन आणखी मोठा कापला आणि तिच्या हातात दिला. नदीच्या खालच्या अंगाला मिशनचा दवाखाना आहे, असं तो अगदी हळू आवाजात, लहान मुलांशी बोलावं तसं म्हणाला. तिथल्या बाया चांगल्या आहेत. काही विचारत नाहीत.

"ओढ्याचं नावसुद्धा विचारलं नाही त्यानं," होडीपासून दूर बसल्यावर हॅनिबल म्हणाला. खोऱ्यातून निघाल्यापासून मुलाकडं बघून बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

"नाही विचारलं," डिगोरी म्हणाला.

लव्हडे मांसाचे चार सारखे वाटे करत होती. बराच वेळ लागला, कारण सारखे झालेले वाटे ती पुन्हा कापत होती. शेवटी केरेन्झानं सुरी तिच्याकडून घेतली.